क्रीडांगणाचें कुलूप

शाळा सुटल्याची घंटा झाली म्हणजे इमारतींतून मुलांचा जो लोंढा मैदानाकडे धांवतो, त्याकडे पाहात उभें राहण्याची आम्हांस संवय आहे. ही संवय आमच्या अंगीं उपजत नव्हती. ती कशी जडली हें सांगावयाचें म्हणजे आपलीच एक चूक चारचौघांत उघडी करावयाची. ज्या वार्षिकांत विद्यार्थ्यांचीं यशें व शाळेचीं बक्षिसें छापलीं जातात, त्यांत शिक्षकानें आपली चूक छापवावी कीं नाहीं, याविषयीं आम्हीं पुष्कळ दिवस विचार केला. परंतु हें वार्षिक मुलांबरोबर त्यांच्या आईबापांच्याही हातीं जातें; तेव्हां सांगणेंच बरें, असें ठरविलें.

या शाळेंत येण्यापूर्वीं आम्ही पारनेर तालुक्यांतील एका लहानशा गांवीं शिक्षक होतों. गांवाचें व शाळेचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. मुलूख कोरडा, जमीन मुरमाड. शाळेच्या मागें एकरभर मैदान. त्यास तीन बाजूंनीं दगडी गडगा व चौथ्या बाजूस लोखंडी फाटक. मैदानांत एक जुनी चिंच, दोन झोंके आणि एक लोखंडी घसरगुंडी. घसरगुंडीची शिडी चांगली पुरुषभर उंचीची. तिच्या पायथ्याशीं व झोंक्यांखालीं मुलांच्या टांचांनीं माती उकरली जाऊन खळगे पडले होते. निघोजजवळ कुकडी नदीच्या पात्रांत पाण्यानें गोटे फिरवून फिरवून खडकांत जे रांजणखळगे कोरले आहेत, ते आमच्या मुलांनीं सहलींत पाहिले होते. त्यामुळें झोंक्याखालच्या खळग्यास तीं 'आमचें निघोज' म्हणत. माती निघून गेल्यामुळें खालचा मुरूम दगडासारखा उघडा पडला होता. आम्ही रोज तो पाहात होतों, आणि मुलांनीं ठेवलेल्या नांवाचें कौतुक करून पुढें जात होतों.

करोनाच्या सांथीमुळें दीर्घ काळ बंद राहिलेल्या शाळा पुन्हा सुरळीत चालूं लागल्या, त्यानंतरच्या हिंवाळ्यांतली, म्हणजे जानेवारी २०२३ मधील ही गोष्ट. घरांत कोंडलेलीं मुलें मैदानावर आलीं तीं दावें तोडून आलेल्या वासरांसारखीं. पहिली-दुसरीच्या मुलांना घसरगुंडी ही वस्तु जवळजवळ नवीनच होती. शिडीवर चढणाऱ्यानें पुढच्याचे पाय खालीं जाईपर्यंत थांबावें, घसरून आल्यावर लगेच बाजूस व्हावें, या गोष्टी मोठ्या मुलांकडून लहानांकडे बोलतां बोलतां जात असतात. मध्यंतरीं त्या जावयाच्या राहिल्या होत्या.

त्या दिवशीं शेवटच्या तासाला मैदानावर देखरेखीची पाळी आमची होती. आम्ही चिंचेखालीं उभे होतों. देखरेख करीत होतों असें मात्र म्हणवत नाहीं, कारण आमचे डोळे हातांतील मोबाइलवर होते. कांहीं तातडीचें काम होतें काय? मुळींच नव्हतें. कोणीसें एक गमतीचें चित्र पाठविलें होतें, तें आम्ही दुसऱ्या कोणास पाठवीत होतों. इतक्यांत आवाज झाला. मूल पडल्याचा आवाज फार मोठा नसतो. भरलेलें पोतें खालीं टाकावें तसा तो येतो, आणि मग क्षणभर सगळें मैदान गप्प होतें. ती शांतता आम्हांस अजून ऐकूं येते.

दुसरींतला सात वर्षांचा मुलगा. शिडीच्या माथ्यावर रेटारेटी झाली आणि तो बाजूनें खालीं आला. पडतांना हात पुढें टेकला. कोपराच्या वर हाताचा आकारच बदलला होता. आम्ही उचलावयास धांवलों, तों आमच्या एका सहकारी बाईंनीं, ज्यांनीं स्काउट-गाइडचें शिक्षण घेतलें होतें, आमचा हात बाजूस सारला. त्यांनीं मोडलेला हात सरळ करूं दिला नाहीं कीं चोळूं दिला नाहीं. जसा वांकला होता तसाच तो फुटपट्टीच्या आधारानें ओढणींत बांधून गळ्यांत अडकविला. आणि मनगटाची नाडी लागते काय, बोटें गार किंवा पांढरीं पडलीं काय, हें त्या पुन्हा पुन्हा पाहूं लागल्या.

तेवढ्यांत मुलाची आजी धांवत आली. तिचें म्हणणें, पलीकडच्या गांवीं हाडवैद्य आहे, तो तेल लावून चोळतो आणि बांबूच्या कामट्या आवळून बांधतो. नगरला जाऊन पैसा कशाला घालवावयाचा? आमच्या वाचकांपैकीं अनेकांच्या घरीं अशीच आजी असेल, म्हणून येथें थोडें थांबून सांगतों. पांच ते सात या वयांत हात टेकून पडलें असतां दंडाचें हाड कोपराच्या लगत वर मोडणें फार आढळतें. हाताला रक्त पुरविणारी मोठी शीर तेथूनच पुढें जाते. मोडलेल्या हाडाचें टोंक तिच्यावर दाबलें गेलें किंवा वरून पट्टी आवळली गेली, तर कांहीं तासांतच पुढच्या हाताचे स्नायू उपाशी पडून मरूं लागतात. मग हाड जुळलें तरी बोटें आंत वळून कायमचीं आंखडतात. चोळण्यानें जो अपाय होतो तो पुढें कोणत्याही तेलानें निघत नाहीं. बाईंनीं आजीला यांतलें कांहींच सांगितलें नाहीं. "आजी, नाडी मंद लागतेय. गाडी बोलावली आहे, तुम्हीही चला," एवढेंच त्या म्हणाल्या, आणि आजी निमूटपणें गाडींत बसली. नगरच्या एका दवाखान्यांत त्याच रात्रीं हाड जागेवर बसवून दोन तारा घालण्यांत आल्या. महिन्याभरानें तारा निघाल्या आणि मूठ पूर्ववत् वळूं लागली.

दुसऱ्या दिवशीं शाळा व्यवस्थापन समितीची बैठक भरली. कोणी म्हणालें, मुलें दांडगीं झालीं आहेत. कोणी म्हणालें, घसरगुंडीच निकृष्ट. अध्यक्षांनीं आम्हांस विचारिलें, "गुरुजी, तुम्ही कुठं होतात?" आम्हीं उत्तर दिलें, "मैदानावरच होतों." उत्तर अक्षरशः खरें होतें, आणि त्या आडोशाला आम्ही उभे राहिलों. शिक्षक समोर असूनही जर मूल पडतें, तर दोष मैदानाचा, असा सर्वांचा समज होणें साहजिकच होतें. फाटकाला कुलूप लावावें असें एकमतानें ठरलें. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टांत प्रत्येक शाळेस क्रीडांगण असावें व भोंवतीं भिंत किंवा कुंपण असावें असें लिहिलें आहे. आमच्याकडे दोन्ही होतीं. फाटक उघडें असावें हें मात्र लिहिण्याची गरज कायदा करणाऱ्यांस वाटली नसावी.

खरें सांगावयाचें तर कुलूप पाहून आम्हांस हायसें वाटलें. देखरेखीची पाळीच संपली.

मुलांचा खेळ मात्र बंद झाला नाहीं; त्यानें फक्त जागा बदलली. कबड्डीचा डाव मंदिरामागच्या फरशीवर गेला. विटीदांडू डांबरी सडकेवर गेला, जेथून कांद्याचे ट्रॅक्टर दोन दोन ट्रॉल्या ओढीत जात. मोठीं मुलें चेंडू घेऊन शेतांकडे वळलीं. पांच वाजतां जीं मुलें कोठें आहेत हें पूर्वीं गांवांत कोणालाही सांगतां येत असे, तीं आतां कोठें आहेत हें कोणासच सांगतां येईना.

आपल्या जिल्ह्यांत शेततळें ठाऊक नाहीं असा वाचक विरळा. चौकोनी खोल खड्डा, उतरत्या बाजू, आणि पाणी मुरूं नये म्हणून सगळीकडून अंथरलेला काळा प्लास्टिकचा कागद. उन्हाळ्यांत डाळिंबाची बाग त्याच पाण्यावर जगते, तेव्हां त्यास नांवें ठेवण्याचा आमचा हेतु नाहीं. पण विहिरींत पडलेल्यास निदान दगडाची कपार धरतां येते. शेततळ्यांतील ओल्या कागदावर शेवाळ धरलें म्हणजे पट्टीच्या पोहणाऱ्यासही वर चढतां येत नाहीं. काठ दोन हातांवर दिसत असतो आणि हातीं लागत नाहीं. म्हणून भोंवतीं तारेचें कुंपण व आंत चारी बाजूंनीं गांठी मारलेले दोर सोडलेले असावेत, आणि दोरांची टोंकें वर खुंटांस पक्कीं बांधलेलीं असावींत. दोरांस लागणारा खर्च डाळिंबाच्या एका पाटीहून फारसा अधिक नसेल.

फेब्रुवारीच्या अखेरीस आमच्या शाळेंतील चार मुलगे अशाच एका शेततळ्याकाठीं खेळत होते. चेंडू पाण्यांत गेला. एक जण काढावयास उतरला, घसरला, आणि छातीभर पाण्यांत गेला. प्रत्येक धडपडीनें तो आणखी खालींच जाई. शेजारच्या वाफ्यांत कांदे काढीत असलेल्या एका बाईनें ओरडा ऐकला. पाण्यांत उडी न घेण्याइतकें भान तिला होतें. बांधावर पडलेलें ठिबकच्या नळीचें वेटोळें तिनें आंत फेंकलें आणि उरलेल्या तिघांना मागें बसवून ओढावयास लाविलें. मुलगा वर आला. चौघांनीं शपथ घेतली कीं घरीं सांगावयाचें नाहीं. ही हकीकत त्या बाईनेंच आम्हांस आठवडेबाजारांत सांगितली, आणि शेवटीं म्हणाली, "गुरुजी, शाळेचं मैदान असताना पोरं माझ्या तळ्यावर कामून येत्यात?"

या प्रश्नाचें उत्तर आम्हांस ठाऊक होतें. तरीही आम्ही गप्प राहिलों. सुमारें दोन आठवडे गप्प राहिलों.

१३ मार्च २०२३, सोमवार. त्या संध्याकाळीं कर्जत तालुक्यांतील कोपर्डी येथें ऊंसतोडीसाठीं मध्य प्रदेशांतून आलेल्या मजुराचा पांच वर्षांचा मुलगा खेळतां खेळतां उघड्या कूपनलिकेंत पडला. तो सुमारें पंधरा फुटांवर अडकला होता. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या लोकांनीं रात्रीं शर्थ केली. मूल वर आलें, तें जिवंत नव्हतें. दुसऱ्या दिवशीं शिक्षकांच्या खोलींत सर्व जण तीच बातमी वाचीत होते. आमच्या मनांत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा येई: त्या मुलाचें क्रीडांगण कोणतें होतें? आईबाप जेथें कोयता चालवितील तो फड, हेंच ऊंसतोडणाऱ्यांच्या मुलांचें क्रीडांगण. त्याला मैदान नव्हतें. आमच्या मुलांना होतें, आणि आम्हीं तें कुलूप लावून ठेविलें होतें.

वस्तुतः अशा कूपनलिकांविषयीं सर्वोच्च न्यायालयानें २०१० सालींच स्पष्ट नियम घालून दिले आहेत. खोदकामाच्या वेळीं भोंवतीं काटेरी तारेचें कुंपण व सूचनेचा फलक असावा. नळीच्या तोंडाभोंवतीं सिमेंटचा ओटा असावा. तोंडावर पोलादी झांकण वितळजोडानें किंवा बोल्टांनीं पक्कें बसवावें. आणि सोडून दिलेली कूपनलिका तळापासून जमिनीपर्यंत माती, वाळू, गोटे यांनीं भरून टाकावी. नियमांत न कळण्यासारखें कांहीं नाहीं. बायबलांतील निर्गमाच्या पुस्तकांत, खड्डा खणून तो न झांकणाऱ्याच्या खड्ड्यांत दुसऱ्याचा बैल किंवा गाढव पडलें तर भरपाई त्यानेंच द्यावी, असा नियम आहे. अनुवादाच्या पुस्तकांत नवें घर बांधणाऱ्यास धाब्याला कठडा बांधण्यास सांगितलें आहे, म्हणजे वरून कोणी पडून त्याच्या रक्ताचा दोष त्या घरावर येऊं नये. हे उतारे प्रार्थनेच्या वेळीं आम्हीं लहानपणापासून ऐकिले होते. कठड्याचा आणि आपला कांहीं संबंध असेल असें त्या मार्चपर्यंत आम्हांस कधीं वाटलें नव्हतें.

त्याच आठवड्यांत आम्हीं समितीची बैठक बोलावण्याची विनंती केली, आणि जानेवारींत जें सांगावयाचें राहिलें होतें तें सांगितलें. मोबाइल, तें चित्र, चिंच, सगळें. शेततळ्याची हकीकतही सांगितली. बोलून झाल्यावर कोणीच कांहीं बोलेना. हात मोडलेल्या मुलाचे वडील भिंतीला टेकून बसले होते. आम्हीं त्यांच्याकडे पाहिलें नाहीं. थोड्या वेळानें तेच म्हणाले, "एवढंच व्हय? मग आता बघत जा, गुरुजी." यापेक्षां त्यांनीं दोन शिव्या दिल्या असत्या तर आम्हांस सोपें गेलें असतें.

कुलूप निघालें. पण नुसतें निघून चालणार नव्हतें, कारण खळगे आणि घसरगुंडी जेथल्या तेथेंच होतीं. बाईंनीं माहिती काढली. अमेरिकेंत ग्राहकांच्या सुरक्षिततेसाठीं जो सरकारी आयोग आहे, त्याच्या हिशेबानें नऊ इंच जाडीचा सैल वाळूचा थर सुमारें चार फुटांवरून पडणाऱ्या मुलास सांभाळतो, त्याहून उंचीस पुरत नाहीं. आणि खेळण्याभोंवतीं सहा फूट जागा मोकळी असावी. आमची घसरगुंडी तर पुरुषभर उंच! तेव्हां गांवांतल्या वेल्डिंगवाल्यानें तिचे पाय व शिडी कापून ती चार फुटांवर आणिली आणि माथ्यावर दोन्ही बाजूंस कठडा जोडला. मोठ्या मुलांनीं नाकें मुरडलीं. त्यांच्यासाठीं खोखोचे खांब रोवून दिले.

वाळू मिळविणें अधिक कठीण गेलें. नद्यांतून वाळू उपसून नेण्याचा धंदा आपल्या जिल्ह्यांत कसा चालतो हें सर्वांस विदित आहे; त्या उपशाच्या डोहांतही मुलें बुडतात, तेव्हां चोरीच्या वाळूनें मुलांचें रक्षण करणें आमच्या मनास पटेना. त्याच वर्षीं सरकारनें स्वस्त दरानें वाळू विकण्याचें धोरण काढिलें व त्याचें पहिलें केंद्र मे महिन्यांत आपल्याच जिल्ह्यांत, श्रीरामपूर तालुक्यांत, उघडलें. वाळू पावतीची आली. वेळ लागला, पण आली.

मुलांसाठीं वाळूची ही कल्पना मूळ कोणाची, तें वाचून आम्हांस गंमत वाटली. १८८५ सालीं बोस्टन शहरांत एका प्रार्थनामंदिराच्या अंगणांत गरिबांच्या मुलांसाठीं वाळूचा ढीग ओतण्यांत आला. मारी झाक्रझेवस्का नांवाच्या स्त्री-डॉक्टरनें बर्लिनच्या बागांत तसे ढीग पाहिले होते, तिच्या सांगण्यावरून. अमेरिकेंतील क्रीडांगणांच्या चळवळीचा आरंभ या ढिगापासून धरतात. ज्या मिशनरी मंडळीनें १८३१ सालीं अहमदनगरास (२०२४ पासून अहिल्यानगर) आपलें ठाणें वसविलें, तिला धाडणारें मंडळही त्याच बोस्टनचें. शाळा त्यांनीं येथें पुष्कळ आधीं आणिल्या. वाळूचा ढीग मात्र पारनेरच्या वाटेनें आम्हांस १३८ वर्षांनीं गांठतां आला.

आणखी कांहीं बारीकसारीक गोष्टी आम्ही त्या वर्षांत शिकलों. चैत्राच्या उन्हांत लोखंडी पत्रा इतका तापतो कीं लहान मुलाची कातडी पोळते. आईनें आधीं आपला तळहात टेकून पाहावा. ओढणी, मफलर, गळ्यांतला गंडा-दोरा घालून झोंक्यावर किंवा घसरगुंडीवर चढूं देऊं नये. तो अडकला म्हणजे गळा आवळतो. तान्ह्याला मांडीवर घेऊन घसरणें हें प्रेमाचें वाटतें, पण मुलाचा पाय कडेला अडकतो आणि आपल्या वजनानें तोच मोडतो. मैदान सूर्यास्तापूर्वीं रिकामें व्हावें. उत्तरेकडील अकोले, संगमनेर, राहुरीच्या ऊंसपट्ट्यांत बिबट्याच्या भयानें तर हें अधिकच पाळावयास हवें. आणि नेहमीं येणारें मूल एकाएकीं मैदानावर येईनासें झालें, किंवा कोणा ओळखीच्या माणसाचें नांव काढतांच गप्प होऊं लागलें, तर त्यास न रागावतां जवळ घेऊन विचारावें. तेथें घसरगुंडीपेक्षां मोठा धोका असूं शकतो. १०९८ या क्रमांकावर केव्हांही मदत मागतां येते, हें आईबापांप्रमाणें मुलांसही पाठ असावें.

देखरेख मात्र शिकविण्याहून करणेंच कठीण. शिक्षक दोघे, मुलें साठ. त्या वेळीं आम्हांस जखऱ्या संदेष्ट्याचें तें चित्र आठवलें. पुन्हा वसलेल्या नगरीच्या चौकांत मुलगे व मुली खेळत आहेत, आणि त्याच चौकांत हातांत काठी घेतलेले म्हातारे व म्हाताऱ्या बसल्या आहेत. आम्ही आजवर त्यांतलीं मुलेंच पाहात आलों होतों. गांवांतील म्हातारीं माणसें मारुतीच्या पारावर बसून रस्त्यावरच्या मोटारी मोजीत असत. मैदानाच्या कडेला चिंचेखालीं दोन दगडी बांकें टाकिलीं, प्यावयाच्या पाण्याचा माठ ठेविला, आणि त्यांस विनंती केली. प्रथम एक निवृत्त पोस्टमन आले. मग त्यांच्याशीं वाद घालण्याकरितां आणखी दोघे आले. चौथी आली ती हात मोडलेल्या मुलाची आजी.

आमच्याकडून मोबाइल काढून घेण्याचें काम तिच्या नातवानें आपल्याकडे घेतलें. खेळाच्या तासाला तो हात पुढें करी, मोबाइल घेई, आणि मुख्याध्यापकांच्या मेजाच्या खणांत ठेवून येई. कोपर सरळ करतांना तो अजून किंचित् कचरतो, असें आम्हांस वाटे.

आजीला अंक येत नव्हते. ती पदरांत खडे घेऊन येई. फाटकांतून एक मूल आंत आलें कीं एक खडा डाव्या हाताला ठेवी. मूल घरीं निघालें कीं एक खडा उजवीकडे सारी. पोस्टमन तिची थट्टा करीत. एका संध्याकाळीं सगळें मैदान रिकामें झालें, आम्ही फाटक ओढावयास गेलों, आणि आजी जागची उठेना. डाव्या बाजूला एक खडा शिल्लक होता. आम्हीं म्हटलें, मोजण्यांत चूक झाली असेल. तिनें मान हलविली. आम्ही गडग्याच्या कडेकडेनें हिंडलों, शाळेच्या मागें गेलों, पाण्याच्या टांकीचें झांकण पाहिलें. काळजाचा ठोका चुकत होता. शेवटीं चिंचेच्या बुंध्यापलीकडे, दप्तर उशाला घेऊन, पहिलींतली एक मुलगी गाढ झोंपलेली सांपडली. आजीनें तिला उठविलें, तिच्या केंसांतला चिंचेचा पाला काढला, आणि तो खडा उजवीकडे सारून मग ती गुडघ्यावर हात टेकून उठली.